वर विस्तव, खाली विस्तव

परवा सून म्हणाली, "आई, यंदा पहिल्या आंघोळीच्या सकाळी गॅससमोर उभं राहायचं नाही. आदल्या दिवशीच ओव्हनमध्ये काहीतरी भाजून ठेवू. सकाळी नुसतं कापायचं आणि खायचं." तिनं फोनवर चित्रही दाखवलं. काचेचं पसरट भांडं, त्यात तांबूस भाजलेलं काहीतरी, वरून बदामाचे काप.

मी म्हटलं, "माझी आई हे करायची. ओव्हन नव्हता तिच्याकडं."

तिला नवल वाटलं. कृती विचारायला लागली. पिकलेली काकडी, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, असं मी सांगत गेले आणि विस्तवापाशी येऊन थांबले. ती म्हणाली, "राहू दे, नंतर सांगा."

दिवाळीचा वास म्हटला की लोकांना उटणं आठवतं, कुणाला फटाक्याची दारू. मला शेणींच्या विस्तवावर तासन्‌तास भाजणाऱ्या काकडीचा वास येतो. गोड, ओलसर, कडेला जरा करपलेला. तो आला की त्याच्या मागोमाग रॉकेलचा येतो. घरातून रॉकेल जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी येतो.

दुष्काळाच्या पुढचं वर्ष होतं ते. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता आणि मग एका दिवसात तोडल्यासारखा थांबला. रंकाळ्यावर सकाळी धुकं धरायचं. सगळी गुऱ्हाळं लागायला अवकाश होता, पण पहिल्या गुळाच्या गाड्या बाजारात यायला लागल्या होत्या आणि वारा तिकडून आला की सगळ्या पेठेला काकवीचा वास यायचा. रॉकेलला रांगा होत्या. शाळा सुटली की मी डबा घेऊन रांगेत उभी राहायची. रांगेतल्या बायका पुढं सरकताना आपापल्या घरचं बोलायच्या. अमक्याची सून भाजली, तमकीच्या पदरानं पेट घेतला. बोलताना आवाज जरासा खाली जायचा, पण फार नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. ते संध्याकाळी पेपर वाचायचे. आतल्या पानावर तीनचार ओळींची बातमी असायची, स्टोव्हचा भडका उडून विवाहिता जखमी. बातमीत गाव वेगळं, नाव वेगळं, बाकी मजकूर तोच. अण्णांनी वाचलं की आई उठून आमच्या स्टोव्हचा वायसर चाचपून यायची. स्टोव्ह ही वस्तूच तशी असते असं मला वाटायचं. साप जसा चावतो तसा स्टोव्ह भडकतो.

मंगळवार पेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि मागं सामाईक परसू. परसातच शेजारच्या आक्काच्या म्हशी बांधलेल्या असायच्या. आक्का विधवा होती, दूध घालायची, आणि तिचा आवाज चौकापर्यंत जायचा. आई कोकणातली, घाटाखालची. लग्न होऊन कोल्हापुरात आली, तांबडा रस्सा शिकली, चटणी कांडायला शिकली, पण पहिल्या आंघोळीचा नाष्टा तिनं आपल्या गावचाच ठेवला. दसऱ्याच्या सुमारास मामा एसटीनं पिवळ्याजर्द जून काकड्या पाठवायचा. दुधी भोपळ्याएवढ्या. आई त्या सुतळीनं बांधून आढ्याला टांगायची. धनत्रयोदशीच्या दुपारी त्यातली एक खाली उतरायची आणि तिचं तवसं व्हायचं. त्या पदार्थाचं नावच तवसं. आदल्या संध्याकाळी विस्तवात ठेवायचं आणि सकाळी आंघोळी झाल्या की वड्या पाडायच्या. पहाटे बंब पेटलेला असायचा तेवढाच, बाकी घरात काही पेटवायचं नाही. आई म्हणायची, वर्षातून एक सकाळ चुलीलाही सुट्टी पाहिजे.

त्या वर्षी कुंदामावशी वसुबारसेच्या आधीच आली. आईची धाकटी बहीण. वैशाखात तिचं लग्न झालं होतं, पेठ वडगावच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव नको सांगायला. नवरा बिजवर होता. पहिली बायको तापानं गेली असं मध्यस्थानं सांगितलं होतं. कुंदामावशीचं वय थोडं पुढं गेलेलं, आजोबा नव्हते, मामाच्या मागं त्याचा संसार. घर चांगलं, स्वतःचं दुकान, मुलगा निर्व्यसनी. नाही म्हणायला कुणाला कारण सापडलं नाही.

पहिली दिवाळी, तेव्हा जावयाबरोबर थाटात यायची रीत. ही एकटीच एसटीतनं उतरली, हातात एक पिशवी. आईनं दारात तुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "भावोजी कुठायत?"

"पाडव्याला येतील."

"आणि तू आधी कशी?"

"वाटलं, आले." एवढंच बोलून ती आत गेली आणि पहिलं काम काय केलं तर अंगावरचं नायलॉनचं लुगडं सोडलं आणि आईचं जुनं, विटलेलं सुती पातळ नेसली. आईला ते बरं वाटलं. बहिणीनं घरासारखं वागावं. मला मात्र आठवतं, ते नायलॉनचं तिनं घडी केलं नाही. पायानं कोपऱ्यात सरकवलं.

मावशी आधी अशी नव्हती. ती आली की घर गलबलून जायचं. भेंड्या लावायची, आक्काच्या बोलण्याच्या नकला आक्कासमोरच करायची. आता ती उंबऱ्यावर बसून राहायची. अर्धी स्वयंपाकघरात, अर्धी परसात. तिथं बसू नकोस म्हटलं तरी उठायची नाही. वाऱ्यानं दार लोटलं गेलं की झटक्यात उठून ते भिंतीशी लावून दगड ठेवायची. आई स्टोव्हला पंप मारायला लागली की ती परसात निघून जायची आणि म्हशींपाशी जाऊन उभी राहायची. आक्कानं ते दोनतीनदा पाहिलं आणि आईला म्हणाली, "वास सोसत न्हाय वाटतं तिला. दिवस गेल्यात काय बघ की."

आई हसली. त्या दिवशी तिनं तूप लावून गरम भाकरी मावशीच्या पानात वाढली, काही न बोलता. मावशीनं खाल्ली. तिला आपल्याबद्दल काय समजलं गेलंय ते कळलंही नसेल.

धनत्रयोदशीच्या दुपारी काकडी उतरवली. मला ती दुपार फार स्वच्छ आठवते. परसात ऊन उभं होतं. मावशी काकडी सोलत होती, बिया काढत होती, मी किसत होते. किसाचं पाणी पातेल्यात जमत होतं, त्यातच रवा शिजतो म्हणून ते टाकायचं नाही. आईनं गूळ चिरला. नवा गूळ, अजून ओला, सुरीला चिकटणारा. आक्कानं लोण्याचा गोळा आणून दिला आणि ती तिथंच शेणी रचत बसली, विस्तवाचं खातं नेहमी तिच्याकडं. आई नारळ खवत होती, तिचे हात अडकलेले. ती म्हणाली, "कुंदा, स्टोव्ह पेटव ग. रवा परतून घेऊ."

मावशी उठली. स्टोव्हपाशी बसली. काडी ओढली, ती मोडली. दुसरी ओढली, तीही मोडली. तिसरी पेटली, पण ती तशीच हातात धरून राहिली आणि बोटाला चटका बसला तेव्हा खाली टाकली.

"ताई, मी नाही पेटवत," ती म्हणाली.

आईनं माझ्याकडं पाहिलं. "मग राहू दे. मंदा पेटवील."

"मंदाला नको सांगूस." मावशीचा आवाज एवढा वर गेला की आक्काचे हात थांबले.

मग ती बोलली. मधूनच थांबत बोलली, मधे उठून दार उघडं आहे ना ते पाहून आली, पण बोलली. सासरी दोन स्टोव्ह आहेत. चांगला सासूच्या खोलीत कुलपात असतो. स्वयंपाकघरातल्याच्या टाकीतून रॉकेल झिरपतं, खाली फरशीवर ओल येते. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला झाळून आणतो. दर आठवड्याला म्हणतो. लग्नातली सुती लुगडी सासूनं ट्रंकेत घालून टाकली, घरात नायलॉनच नेसायचं, दुकानदाराच्या सुनेला ते शोभतं म्हणते. सकाळचा पहिला चहा अंधारातच हवा असतो. आणि गेल्या पंधरवड्यात एका सकाळी ती स्टोव्हला पंप मारत होती, काडी अजून ओढायची होती, तेव्हा मागं बारीक आवाज झाला. बाहेरून कडी लागल्याचा.

"मग?" आईनं विचारलं.

"मी काडी ओढलीच नाही. तशीच बसून राहिले. उजाडल्यावर कडी निघाली. सासूबाई म्हणाल्या, अगं, वाऱ्यानं पडली असंल."

आईनं नारळ खाली ठेवला. मग मावशी म्हणाली, "शेजारी एक म्हातारी आहे. मी मिरच्या वाळत घालत होते, तर कुंपणापलीकडून म्हणाली, पैली बी अशीच गोरी हुती. ताप कुठला, स्टोव्हनं खाल्लं तिला."

आक्का हातातली शेणी खाली ठेवून म्हणाली, "बाई, कडी वाऱ्यानं पडत न्हाय. वाऱ्यानं दार वाजतंय. कडी माणूस लावतंय."

मला अजूनही कळत नाही की मावशीनं काय वाकडं केलं होतं. तिलाही ते माहीत नव्हतं. "माझं काय चुकलं ते तरी सांगावं," असं ती परत परत म्हणत होती. आज वाटतं, तिचं काही चुकलेलंच नव्हतं. दुसरीबरोबर भांडीकुंडी आली होती, पलंग आला होता. तिसरीबरोबरही आला असता.

आई उठली. स्टोव्ह तिनं उचलून परसात न्हाणीच्या मागं नेऊन ठेवला. रवा आक्काच्या चुलीवर परतला गेला. काकडीचा कीस, गूळ, खोबरं, मीठ, वेलदोडा, सगळं एकत्र आटवून आईनं जाड बुडाच्या पातेल्यात ओतलं, तळाला हळदीची पानं घालून. मग विस्तव. अर्धा खाली, अर्धा वरच्या झाकणावर. शेणीचा विस्तव धगधगत नाही, तो आतल्या आत जगतो. आईनं मावशीला जवळ बसवलं आणि पातेल्याकडं हात करून म्हणाली, "आता याला कुणी हात लावायचा नाही. आपलं आपण होतंय ते. सकाळी तुला पहिली वडी."

मावशी रडली नाही. विस्तवाकडं बघत बसली. त्या विस्तवाला ती भ्याली नाही हे मला तेव्हाच जाणवलं.

दिवेलागणीला अण्णा आले. आईनं त्यांना पुढच्या खोलीत नेऊन सांगितलं. पडद्याआडून मला ऐकू येत होतं.

"भास असंल तिचा," अण्णा म्हणाले. "नव्या घरात पोरी बिचकत्यात."

"कडीचा भास?"

"अगं पण पुरावा काय हाय? पहिल्या दिवाळीला पोरगी ठेवून घेतली तर लोक काय म्हणतील? तुझा भाऊ काय म्हणंल? आणि आपल्या दोन खोल्या."

"दोन खोल्यांत ती मावते," आई म्हणाली. "ती उद्या पेपरात आली तर वाचणार तुम्हीच."

अण्णांनी पेपराची घडी केली. मग म्हणाले, "पाडव्याला येऊ देत. बघू." ते वाईट नव्हते. त्यांना भांडणाची भीती वाटायची, आणि कुणी गोड बोललं की त्यांच्यानं नाही म्हणवत नसे. ही दुसरी गोष्ट आईला जास्त घाबरवत होती.

पहिल्या आंघोळीच्या सकाळी तवसं उत्तम झालं होतं. वरून तांबूस, कडेला खरपूस, आत ओलं. हळदीच्या पानाच्या शिरा खाली उमटलेल्या. आईनं सुतानं मोजल्यासारख्या वड्या पाडल्या आणि पहिली मावशीला दिली, वर आक्काचं लोणी. बाहेर फटाके वाजत होते. एक सुतळी बॉम्ब दारापाशीच फुटला तेव्हा मावशीच्या हातातली वडी खाली पडली. तिनं ती उचलून, फुंकून खाल्ली. आम्ही सगळे हसलो, तीही हसली. त्या दिवाळीत ती हसलेली मी तेवढीच पाहिली. लक्ष्मीपूजनाला आईनं दिवे लावले तेव्हा तिच्या मनात पाडवाच होता. पणत्यांत घालताना तेल जमिनीवर सांडलं. तिनं ते लगेच पुसलं नाही.

पाडव्याला ते दोघं आले. नवरा आणि त्याची आई. मला वाटलं होतं ती बाई दिसायलाच भयंकर असेल. ती बारकी, गोरी, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली होती आणि इतकं हळू बोलायची की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. मावशीसाठी पाडव्याचं लुगडं आणलं होतं. नायलॉनचंच, गुलाबी, चमचमणारं. नवरा बसल्या जागी किल्ल्यांचा जुडगा फिरवत होता.

आईनं तवसं वाढलं. बाईनं एक घास घेतला. "काय मऊ झालंय ओ. कशावर केलंय?"

"विस्तवावर," आई म्हणाली. "वर विस्तव, खाली विस्तव. स्टोव्ह लागत नाही याला."

बाईनं आईकडं बघितलं. नजर खाली घेतली नाही. मग पुढचा घास खाल्ला.

"आता घिऊन जातो हिला," ती म्हणाली. "घर कसं खायला उठतंय. सून न्हाय तर दिवाळी कसली."

मावशी उंबऱ्यावर होती. तिनं आईकडं पाहिलं नाही, अण्णांकडं पाहिलं. आई तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी हातानं तिला थांबवलं. मला वाटलं, झालं. आता अण्णा म्हणणार, व्हय, न्या की.

अण्णांनी नवऱ्याला विचारलं, अगदी सहज, हवापाणी विचारावं तसं. "पावणं, तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराला कडी आतनं हाय का भाईरनं?"

किल्ल्या थांबल्या. तो म्हणाला, "दोन्हीकडनं हाय." त्याच क्षणी त्याची आई म्हणाली, "कडी कसली? दाराला कडीच न्हाय."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यानं आधी मान खाली घातली. दारात आक्का दुधाची चरवी घेऊन उभी होती, ती आली कधी ते कुणालाच कळलं नव्हतं.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "पोरगी ऱ्हाईल हितंच."

"किती दिवस?" बाईनं विचारलं.

"ऱ्हाईल."

मोठा आवाज कुणाचाच झाला नाही. तो झाला असता तर बरं वाटलं असतं. बाईनं ताटली बाजूला सारली, तोंड पुसलं, गुलाबी लुगडं परत पिशवीत घातलं. दारात चपला घालताना ती आईला म्हणाली, "बरं. ऱ्हाऊ दे. आमचं घर काय रिकामं पडत न्हाय." तेवढ्याच हळू आवाजात.

मावशी राहिली. गल्लीत बोलणं झालं, मामाची दोन रागाची पत्रं आली, मग तोही गप्प बसला. लगेचच चार माणसांसमोर काडीमोड झाली. मावशीनं बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि पेठेतच नोकरीला लागली. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आज टक्कल पडलेले बाप्ये झाली आहेत. गोष्ट इथं संपवता आली असती. मनात मी ती पुष्कळदा इथंच संपवते.

पण त्या घरानं तिसरी शोधली. पुढच्या उन्हाळ्यात आक्का कुठूनशी बातमी घेऊन आली. बिद्रीच्या बाजूची मुलगी, रत्ना नाव, बाप उसाच्या फडावर मुकादम. आईनं आक्काकडून मुलीच्या गावाचा पत्ता विचारून घेतला. तिसऱ्या दिवशी ती आणि आक्का एसटीनं गेल्या. हट्ट करून मीही गेले.

मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले होते. रत्नाची आई शेवया करत होती. आईनं पाटावर बसून सगळं सांगितलं. स्टोव्ह, लुगडी, कडी, पहिली बायको. आवाज न चढवता, एकेक करून. रत्नाच्या आईचे हात शेवयांवर चालतच राहिले. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुमची भन नांदली न्हाय. आता दुसरीचं मोडायला आलायसा व्हय?"

आक्का म्हणाली, "बाई, मोडलं तर लगीन मोडंल. त्या घरात काय मोडतंय ते ऐकलंस की आत्ता."

"आमी चौकशी केलीया. सासू गाईवानी हाय म्हणत्यात समदी."

आई पाटावरून उठली. रत्ना आतल्या दाराशी उभी होती. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. वेणीत अबोली, हाताला हळद. तिनं सगळं ऐकलं होतं. आम्ही निघालो तेव्हा ती गोठ्यापाशी आडवी आली. आईनं तिचे दोन्ही हात धरले आणि घाईघाईनं सांगितलं, "सुती नेस. आणि स्वयंपाकघरात गेलीस की कडी आतून लावून घे. काही झालं तर कोल्हापूरला ये, मंगळवार पेठेत. आक्काच्या म्हशी कुणीही दाखवील."

रत्नानं मान हलवली. हात मात्र सोडवून घेतले नाहीत, आईनंच सोडले.

त्या वर्षीची दिवाळी मला फारशी आठवत नाही. तवसं केलं असणार. काकड्या आल्या असणार. आई दर एसटीच्या वेळेला परसाच्या दारात जाऊन उभी राहायची, एवढं आठवतं. कुणी आलं नाही. न येणं ही चांगली बातमी आहे असं आम्ही एकमेकींना सांगत होतो.

थंडी सरता सरता रत्नाच पेपरात आली. तीनचार ओळी. अण्णा वाचता वाचता थांबले आणि पेपर आईकडं दिला. आई, मावशी आणि आक्का दवाखान्यात गेल्या. रत्ना शुद्धीवर होती. हवालदार जबाब घ्यायला आला होता आणि खाटेच्या पायथ्याशी ती बारकी, गोरी बाई उभी होती. हवालदारानं विचारलं तेव्हा रत्नानं तिच्याकडं पाहिलं आणि सांगितलं, स्टोव्ह भडकला. बाई निघून गेल्यावर मावशी तिच्या उशाशी गेली. रत्ना तिला म्हणाली, "आतली कडी काढून टाकलीया त्यांनी." आक्का हवालदाराला शोधायला धावली. तो म्हणाला, जबाब झालाय. आठवडा उलटायच्या आत रत्ना गेली.

त्या दोघांना काही झालं नाही. चौथी मात्र त्या घरात आली नाही. आक्कानं दूध घालता घालता, बाजारात, एसटी स्टँडवर, जिथं चार बायका दिसतील तिथं त्या घराचं नाव घेतलं. तिच्या आवाजाचा एरवी गल्लीला त्रास व्हायचा. त्या वर्षी तिला कुणी हळू बोल म्हणालं नाही. अण्णांनी पेपर वाचायचा सोडला नाही, पण ते पान मोठ्यानं वाचणं बंद केलं. आई म्हणाली, "वाचा. मला ऐकायचंय."

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची एक दुपार. मी परसात अभ्यास करत होते, परीक्षा जवळ आली होती. एक बाई म्हशींच्या बाजूनं आत आली. डोक्यावर पदर, पायांवर धूळ. ओळखायला वेळ लागला, कारण वर्षभरात ती निम्मी झाली होती. रत्नाची आई. एसटी स्टँडपासून चालत आली होती. आईनं तिला आत बोलावलं, पण ती परसातच जमिनीवर बसली. मावशीही बालवाडीतून आली होती, तीही येऊन बसली.

आईनं दिलेलं पाणी तिनं हातात धरून ठेवलं. मग विचारलं, "तुमाला कसं कळलं? हिला ठेवून घ्यावं म्हणून?"

आई म्हणाली, "कळलं कसलं. ती बोलली. आम्ही ऐकलं."

बाई मान हलवत राहिली. म्हशीनं शेपटी झाडली. रस्त्यावरून आईसफ्रूटवाल्याची घंटा गेली.

"माझी बी बोलली हुती की," ती म्हणाली. "दिवाळीला आलती तवा. मी म्हटलं, गप नांद."

बाई जरा पुढं सरकली, कुंदामावशीचा हात तिनं आपल्या हातात घेतला, बांगड्या वर सारल्या, आणि तो हात मनगटापासून कोपरापर्यंत उलटासुलटा करून बघत राहिली.